डॉक्टरीणबाईंचं सेंट

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्या घरात तशीच पद्धत आहे. आत्या पाथर्डीकडच्या. लग्न झाल्यापासून बारा-तेरा वर्षं दर दसऱ्यानंतर त्या सासऱ्यांबरोबर ऊसतोडीला गेल्या. सासरे वारले तेव्हापासून त्या नगरला आमच्याकडे असतात, पण बाजरीच्या आणि हरभऱ्याच्या दिवसांत गावाकडे एक फेरी मारल्याशिवाय त्यांना करमत नाही.

मी नागापूरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम करते. पंपाचे सुटे भाग आमच्यासमोर येतात. आम्ही ते मोजायचे, नकाशाशी ताडून बघायचे, जुळले तर पुढे पाठवायचे, नाही तर लाल डब्यात टाकायचे. अठरा वर्षं हेच करते आहे. त्यामुळे अस्सल कुठलं आणि नकली कुठलं हे बघायची डोळ्यांना सवयच लागली आहे. घरीसुद्धा कुकरची शिट्टी घेताना मी ती उलटीपालटी करून बघते आणि नवरा दुकानाबाहेर जाऊन उभा राहतो.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत कारखान्याने आम्हा बायकांना एक-एक भेटीचा डबा दिला. त्यात सुकामेवा होता आणि सेंटची एक छोटी बाटली होती. घरी आल्यावर मी ते मनगटावर जरा मारून बघितलं. आत्या खाली बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"बगू," म्हणाल्या.

मी हात पुढे केला. त्यांनी वास घेतला, थोडा वेळ माझा हात तसाच धरून ठेवला आणि सोडला.

"बरा हाय. पन डॉक्टरीनबाईचा निराळा हुता."

"कुठल्या डॉक्टरीणबाई?"

"तुझ्या नवऱ्याच्या येळच्या."

बावीस वर्षं मी त्यांची सून आहे आणि ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. मीही खाली बसले, अर्धी जुडी माझ्याकडे ओढली आणि त्या सांगत गेल्या.

त्या अठरा वर्षांच्या होत्या. राहुरीकडच्या एका साखर कारखान्यावर त्यांची टोळी उतरली होती. दिवस भरत आले होते, तरी त्या रोज फडात जात. एके दिवशी सकाळी मोळ्या बांधताना कळा सुरू झाल्या. सासऱ्यांनी टायरगाडीतला भरलेला ऊस खाली ओढून काढला, त्यांना गाडीत घातलं आणि कारखान्याच्या दवाखान्यात आणलं. खाटेवर घेतलं आणि खरी पंचाईत तिथे सुरू झाली. खिडकी कारखान्याच्या बाजूला होती. मळीचा तो आंबूस, कुजका वास खोलीत भरला होता. कारखान्याजवळ पाचटाच्या कोपीत राहून त्या वासाची सवय झाली असेल असं कुणालाही वाटेल, पण त्या दिवशी त्यांना तो सोसेना. कळ आली की उलटी, उलटी झाली की अंगातली ताकद गेलेली.

"बाई तरनीच हुती. लई बोलत न्हवती. तिनं कमरंचा रुमाल काढला आन् माज्या नाकाला लावला. म्हनली, ह्याचा वास घे आन् माज्याकडं बघ, दुसरीकडं बघू नको. म्या वास घेतला. तुला सांगते, मळी कुठल्या कुठं गेली."

दुपारी माझा नवरा जन्मला. रुमाल आत्यांच्या मुठीतच राहिला होता आणि बाईंनी तो परत मागितला नाही. कोपीत थंडी फार म्हणून आत्यांनी तोच रुमाल तिकोनी घडी करून लेकराच्या डोक्याला बांधला. पंधरा-वीस दिवस वास टिकला. मग एक दिवस त्यांच्या सासूने लेकराच्या दुपट्यांबरोबर तो रुमालही कॅनॉलवर नेऊन धुतला.

"म्या रडले. सासू म्हनली, कापड धुतलं म्हनून कोन रडतं काय."

"पुन्हा कधी आला का हो तो वास?"

"एकदा. नगरच्या स्टँडवर. एक बाई शेजारनं गेली. मी तिच्या मागं मागं गेल्ते, पाथर्डीच्या गाडीपासनं पार पुन्याच्या गाडीपातुर. मग ती गाडीत बसली."

हे सांगताना त्या हसल्या. मला मात्र ते स्टँडवरचं चालणं डोळ्यांसमोरून हलेना. पुढच्या सुट्टीला मी त्यांना घेऊन बाजारात गेले.

कापडबाजाराच्या मागच्या एका गल्लीत अत्तराचं जुनं दुकान आहे. एका वेळी दोन माणसं उभी राहतील एवढंच. मालक साठीचे, चष्मा कायम कपाळावर. मी त्यांना रुमालाची गोष्ट थोडक्यात सांगितली. त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि आत्यांना स्टूल दिलं.

"आजी, सगळ्यात आधी काय आलं होतं? पहिल्या झटक्याला?"

"लिंबाची साल सोलल्यावानी," आत्या म्हणाल्या. "मग साबन. चांगला साबन. मग फुलं, पन आपली न्हाईत."

"आणि शेवटी?"

आत्यांनी विचार केला. "ऊन लागलेलं लुगडं अंगाला गुंडाळल्यावर येतो तसा."

 अत्तरवाल्यांनी कपाटातून चार-पाच बाटल्या काढल्या आणि आत्यांच्या हाताच्या मागच्या बाजूला एकेक थेंब लावत गेले. आत्या मान हलवत गेल्या. चौथ्याला थांबल्या.

"आजी, हे परदेशी सेंट आहे, फार जुनं," ते म्हणाले. "मूळ बाटली माझ्याकडे नाही. असती तर मी ती विकली नसती. हे त्याच्यासारखं मी बनवतो. तेच आहे असं नाही म्हणणार. त्याच्या चेहऱ्याचं आहे."

आत्यांनी पुन्हा वास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शेजारच्या गावापातुर आनलंस."

अत्तरवाल्यांना हे फार आवडलं. त्यांनी एका छोट्या कुपीत ते भरून दिलं आणि अगदी थोडे पैसे घेतले. आत्या खूश होत्या. मी नव्हते. शेजारच्या गावापर्यंत आलोय तर गावात का जाऊ नये, असं मला वाटत राहिलं.

मुलगी पुण्याला शिकते. तिला फोन करून अत्तरवाल्यांनी सांगितलेलं सेंटचं नाव कळवलं. तिने दोन दिवसांत सगळी माहिती काढली. मूळ कंपनी ते सेंट अजून काढते, पण आतला मसाला बदललाय, म्हणून लोक जुन्या बाटल्या शोधतात. पुण्यातच एक गृहस्थ जुनी, न उघडलेली बाटली विकत होते. तिने किंमत सांगितली आणि मी विषय बदलला.

नवरा इतके दिवस नुसता ऐकत होता. त्या दिवशी जेवताना म्हणाला, "बाटली कशाला शोधताय? बाईंना शोधा की."

हे आम्हा दोघींना सुचलंच नव्हतं. त्याच्या वर्कशॉपमधल्या एकाचे वडील त्या साखर कारखान्यात होते. आठ दिवसांत निरोप आला. डॉक्टरीणबाई हयात होत्या, राहुरीला विद्यापीठाच्या वाटेवर स्वतःच्या घरात राहत होत्या.

आम्ही तिघं आमच्या जुन्या गाडीतून गेलो. हंगाम जोरात होता, उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी रखडत होती. आत्यांनी ठेवणीतलं जरीकाठाचं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर बाजरीच्या पिठाची पिशवी आणि शेंगा. 

बाई ऐंशीच्या पुढच्या, काटक, पांढरे केस बारीक कापलेले. दार त्यांनीच उघडलं. नवऱ्याने आधी फोन करून सगळं सांगितलं होतं. बसल्यावर त्यांनी आत्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"मला आठवत नाही गं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू. हंगामात इतक्या जणी यायच्या."

"तुमाला कशाला आठवंल," आत्या म्हणाल्या. "आमाला आठवतं तेवढं बास."

मग बाईंनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो पन्नाशीचा, टक्कल पडलेला, सोफ्याच्या कडेवर हात जोडून बसला होता.

"हा का तो? वजन चांगलं वाढलंय की."

तिथून सगळं सोपं झालं. चहा आला. आत्यांनी रुमालाची गोष्ट सांगितली. बाईंना रुमाल आठवला नाही, पण सेंट आठवलं. पहिल्या वर्षी त्या कारखान्यावर आल्या तेव्हा मळीच्या वासाने त्यांनाच उलट्या व्हायच्या. पेशंटसमोर नाक दाबता येत नाही. परदेशी असलेल्या भावाने सेंट आणलं होतं, ते त्या रुमालाला लावून ठेवायच्या.

"हौस म्हणून नाही लावलं कधी," त्या म्हणाल्या. "नंतर सवय झाली. भाऊ गेला आणि बाटल्याही बंद झाल्या."

त्या उठल्या, कपाट उघडलं आणि कपड्यांच्या मागून काळ्या फडक्यात गुंडाळलेली एक बाटली काढली. चौकोनी, जड काचेची. तळाशी पाव हिस्सा सेंट होतं, चहाच्या रंगाचं.

"घेऊन जा. त्या करोनाच्या साथीत मला ताप आला आणि नाकाचा वास गेला, तो परत आलाच नाही. आता मला काय, हे आणि पाणी सारखंच."

आत्या नको नको म्हणाल्या. बाईंनी बाटली माझ्या हातात दिली आणि विषय संपवला. मी ती पदरात घेतली तेव्हा मला काय आनंद झाला होता ते सांगायला हवं. अस्सल माल हातात आला होता. आत्यांपेक्षा मीच जास्त हरखले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आत्या गॅलरीत उन्हाला बसल्या. मी दोन्ही बाटल्या घेऊन गेले. त्यांच्या उजव्या मनगटावर बाईंचं सेंट लावलं, डाव्यावर अत्तरवाल्यांचं. डावं लगेच छान आलं, गोड, फुलांचं. उजव्याचा वास घेतला आणि मी दचकले. आंबट, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा.

"आत्या, हे बिघडलंय."

"थांब जरा," आत्या म्हणाल्या.

मी डबा भरायला आत गेले. पंधरा-वीस मिनिटांनी परत आले तर गॅलरीत निराळंच काहीतरी होतं. आंबटपणा निघून गेला होता. आधी साबणाच्या फेसासारखं, स्वच्छ. मग फुलं, पण गजऱ्यातली नाहीत, कुठल्यातरी थंड खोलीत ठेवलेली. आणि त्यांच्या खाली ऊब. आत्यांनी दुकानात सांगितलेलं उन्हातलं लुगडं मला तेव्हा कळलं. त्याच्यासमोर डावा हात अगदी सरळसोट होता, पहिल्या क्षणी जसा तसाच शेवटपर्यंत. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. उजवा पास, डावा लाल डब्यात.

 आत्यांचा उजवा हात मांडीवर उलटा पडला होता. थोड्या वेळाने त्या उठल्या, बेसिनकडे गेल्या आणि साबण लावून उजवा हात धुऊ लागल्या. घासून, दोनदा.

"काय झालं?"

त्यांनी हात पुसला. मग माझ्याजवळ येऊन बसल्या.

"त्यात समदं हाय, बाई."

"समदं म्हणजे?"

"मळी हाय. ती लोखंडी खाट हाय. आन् शेजारच्या खाटंवर एक बाई हुती, आमच्याच बाजूची. तिचं लेकरू रडलंच न्हाई. ती भिताडाकडं तोंड करून पडली हुती." त्यांनी पुसलेला हात पुन्हा पदराला पुसला. "इतकी वरसं झाली, मला ती कदी आठवली न्हवती. रुमाल आठवला, बाई आठवली. ती न्हाई आठवली. आज आली."

 कामावर जायची वेळ झाली होती, तरी मी बसून राहिले. आत्यांनी डावं मनगट नाकाशी नेलं.

"ह्याला त्यातलं काय ठावं न्हाई. नुसता चांगला वास हाय. मला ह्योच असू दे."

"पण आत्या, हा नकली आहे."

"असंना. मी तरी कुटं डॉक्टरीनबाई हाय."

त्या दिवशी कारखान्यात माझं लक्ष लागलं नाही. टेबलावर आलेला भाग नकाशाशी जुळतो का, एवढंच आम्ही विचारतो. तो कुणाच्या विहिरीवर जाऊन बसणार, हे आमच्या कागदावर कुठेच नसतं. मी चुकले होते, आणि चुकल्याचं वाईट वाटण्याऐवजी हलकंच वाटत होतं. आत्यांना हवं ते त्यांना मिळालं होतं, तेही पहिल्याच रविवारी, त्या गल्लीतल्या स्टुलावर. मी उगीच पुढे पळत होते.

बाटली परत द्यायची, हे आत्यांनीच ठरवलं. पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा राहुरीला गेलो. बाई जरा रागावल्याच.

"दिलेली वस्तू कुणी परत आणतं का?"

 आत्यांनी बाटलीचं बूच काढलं, बाईंचा हात आपल्या हातात घेतला आणि मनगटावर सेंट लावलं.

"अगं, मला काय कळणार त्यातलं?"

"तुमाला न्हाई कळत तर न्हाई. मला कळतंय. म्या सांगते."

आणि आत्या खरंच सांगत बसल्या. बाई आरामखुर्चीत, आत्या खाली चटईवर, बाईंचा हात खुर्चीच्या दांड्यावर. "आता आंबट हाय, थांबा." आम्ही चहा प्यायलो. "आता साबन आला." बाईंनी डोळे मिटले.

"फुलं आली का?" त्यांनी विचारलं.

"येत्यात. व्हय, आली."

"त्याच्यानंतर एक येतं बघ, शेवटी. ते बराच वेळ राहतं."

"उन्हातल्या लुगड्यावानी?"

बाईंनी डोळे न उघडता मान हलवली. मला तेव्हा एक गोष्ट जाणवली. बाईंच्या हातावर तोच वास वेगळा होता, कोरडा आणि शांत. आत्यांच्या चेहऱ्यावर त्या सकाळचं काहीच नव्हतं. परत येताना मी गाडीत विचारलं, "आज त्रास नाही झाला?"

"न्हाई. तिच्या हातावर ते बरं वाटतंय."

त्या उन्हाळ्यात गावाकडे भाचीचं लग्न होतं. आत्यांनी अत्तरवाल्यांचं सेंट लावलं, कानामागेसुद्धा. माझ्या चुलत जावेला वास आला. ती आवाज बारीक करून म्हणाली, "आत्याबाई, ह्या वयात? लोक काय म्हनतील?"

"ह्या वयातच," आत्या म्हणाल्या. "आदी येळ कुटं हुता." आणि त्यांनी जावेचा हात ओढून तिच्याही मनगटाला लावलं. जेवणं होईपर्यंत मांडवातल्या पाच-सहा बायका तोच वास घेऊन फिरत होत्या. माझ्या मोठ्या नणंदेने दुकानाचा पत्ता लिहून घेतला.

कुपी संपल्यावर मी पुन्हा गल्लीत गेले. अत्तरवाल्यांनी सगळी हकीकत विचारली. ऐकल्यावर त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला.

"ताई, एक मागू का? खरा वास मी कधी घेतलाच नाही. उस्तादांनी शिकवलं तसं मी करतो, आणि त्यांनाही कुणीतरी सांगितलेलंच होतं."

पुढच्या खेपेला मी बाईंना विचारून कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घेतले आणि स्टीलच्या छोट्या डबीत घट्ट बंद करून आणले. त्या दिवशी आत्याही माझ्याबरोबर दुकानात आल्या. अत्तरवाल्यांनी डबी उघडली, ताबडतोब नाकाशी नेली नाही, काउंटरवर ठेवून वाट पाहिली. माहीतगार माणूस. मग वास घेतला. फार वेळ घेतला.

"माझ्यात मोगरा जास्त झालाय," ते शेवटी म्हणाले. "आणि शेवटची ऊब पुरेशी नाही. आजी, आता मला कळलं. पुढची कुपी दुरुस्त करून देतो."

"नगं," आत्या म्हणाल्या. "माज्या बाटलीला हात लावू नगा. दुसऱ्या कुनाला करायचं त्याला करा."

ते मोठ्याने हसले आणि जुन्याच पद्धतीने कुपी भरून दिली. नवीन केलेलं त्यांनी वेगळं ठेवलंय, म्हणतात अजून जमलं नाही. मला त्यातलं थोडं दिलंय. मी ते सुट्टीच्या दिवशी लावते. कामावर लावून उपयोग नाही, तिथे ऑईलच्या वासापुढे काही टिकत नाही.

महिन्यातून एकदा तरी आमची राहुरीला चक्कर होते. सेंटचा विषय आता निघतोच असं नाही. बाई पेपरमधल्या बातम्या वाचून दाखवतात, आत्या त्यांना कुठल्या भाजीला कुठलं कूट घालायचं ते सांगतात, दोघींच्या गुडघ्यांची चौकशी होते. गेल्या खेपेला दोघी मोठं पातेलं मध्ये घेऊन वाटाणे सोलत बसल्या होत्या. आदल्या आठवड्यात मी जादा पाळ्या केल्या होत्या. बाहेर ओट्यावरच्या खुर्चीत जरा टेकले आणि मला झोपच लागली. जागी झाले तेव्हा ऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं, माझ्या अंगावर कुणीतरी चादर टाकली होती आणि आत दोघी हळू आवाजात बोलत होत्या, मला जाग येऊ नये म्हणून.